उंबरठ्यावरचा दिवा

पुढारी म्हटला म्हणजे तो सर्वांच्या पुढें चालणारा, मोठ्या आवाजाचा, हातांत झेंडा घेतलेला असावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आपल्या शास्त्रकारांनीं 'देहलीदीप' नांवाचा एक न्याय सांगून ठेवला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा माजघर आणि ओटी दोन्ही उजळतो. तो धड आंतलाही नव्हे आणि बाहेरचाही नव्हे. फुटबॉलच्या खेळांत मधल्या फळीच्या खेळाडूचें स्थान नेमकें असेंच आहे, आणि अशा स्थानावरून पुढारीपण कसें करतां येतें हें पाहावयाचें तर स्पेन देशाच्या सर्जिओ बुस्केट्स या खेळाडूचें चरित्र मोठें बोधप्रद आहे. फुटबॉल हा मुलांचा विषय, असें म्हणून वडील मंडळींनीं हें पान उलटूं नये, एवढी विनंति.

अकरा गड्यांत एक गोलरक्षक, कांहीं पाठीमागें राखण करणारे, कांहीं पुढें चढाई करणारे, व या दोहोंच्या दरम्यान मधली फळी. या फळींतही जो बचावाच्या अगदीं पुढें उभा राहतो, त्याला स्पॅनिश लोक 'पिव्होते' म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ती जात्याची खीळ होय. दळण चालू असतांना खिळीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पण ती सैल झाली कीं वरचा दगड भलतीकडेच सरकूं लागतो.

बार्सिलोना संघाची खेळण्याची रीत योहान क्रायफ या डच गृहस्थानें घालून दिली. तो १९८८ सालीं तेथें प्रशिक्षक म्हणून आला, आणि योगायोग असा कीं बुस्केट्सचा जन्मही त्याच वर्षींचा. चेंडू लांब भिरकावूं नये, आपल्यापाशीं ठेवावा. जवळच्या जवळ पास देत तीन-तीन गड्यांचे त्रिकोण जुळवावे. आणि चेंडू गेलाच, तर मागें न पळतां तेथल्या तेथें सर्वांनीं मिळून तो परत घ्यावा, अशी ती रीत. क्रायफच्या संघांत खिळीची जागा पेप ग्वार्डिओला सांभाळीत असे, आणि बुस्केट्सचे वडील कार्लेस हे त्याच संघाच्या गोलरक्षकांपैकीं एक होते. पुढें २००८ सालीं ग्वार्डिओला मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हां दुय्यम संघांत आपल्या हाताखालीं तयार झालेल्या वीस वर्षांच्या बुस्केट्सला त्यानें वर आणलें. पहिल्याच हंगामांत, २००९ सालीं, बार्सिलोनानें स्पॅनिश लीग, स्पॅनिश चषक आणि चॅम्पियन्स लीग अशीं तीनही मोठीं पारितोषिकें मिळविलीं.

या तरुणापाशीं होतें तरी काय? उंची १ मीटर ८९ सेंटिमीटर, पण अंगानें किडकिडीत, धांवण्यांत मंद, बार्सिलोनाच्या ७२२ सामन्यांत गोल केले अवघे १८. त्याचें बळ डोळ्यांत व मानेंत होतें, असें म्हटलें तरी चालेल. चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच तो डावीउजवीकडे मान वळवून कोण कोठें उभा आहे हें पाहून ठेवी. धडा घरून वाचून आलेल्या विद्यार्थ्यास वर्गांत घाबरें व्हावें लागत नाहीं, तसेंच हें. शत्रु अंगावर आला असतांही एका स्पर्शांत चेंडू योग्य जागीं जाई. जवळच्या गड्याला वळावयाचें असेल तर चेंडू त्याच्या पुढच्या पायावर, आणि मागें कोणी टपला असेल तर त्याच्या उलट बाजूस. म्हणजे पासाबरोबर निरोपही जात असे. कडेचे बचावपटू पुढें चढाईस निघाले, कीं हा मागें सरून दोन मधल्या बचावपटूंच्या मध्यें उभा राही. त्याच्या भरंवशावर ते निर्धास्तपणें पुढें जात. दुसऱ्यांना निर्भय करणें हेंच त्याचें पुढारीपण होतें.

अशा गुणाची परीक्षा मात्र कठीण प्रसंगींच होते. १६ जून २०१० रोजीं विश्वचषक स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यांत स्पेनचा स्वित्झर्लंडकडून १–० असा पराभव झाला. मधल्या फळींत बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोन राखणदार कशाला हवेत, अशी टीका सुरू झाली. प्रशिक्षक विसेंते देल बोस्के हे शांत वृत्तीचे गृहस्थ. त्यांनीं जोडी मोडली नाहीं. उलट, आपण पुन्हां खेळाडू होऊं शकलों तर बुस्केट्ससारखें व्हावेंसें वाटेल, असे उद्गार काढले. त्यानंतर स्पेननें बाद फेरीचे चारही सामने १–० असे जिंकले आणि ११ जुलै रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषक प्रथमच मिळविला. संकटाच्या वेळीं खीळ न उपटणारा यजमानही तितकाच थोर म्हटला पाहिजे.

दुसरा प्रसंग २०२१ सालच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा. बुस्केट्स तेव्हां स्पेनचा संघनायक होता, आणि स्पर्धेच्या तोंडावर त्यास कोरोनाची बाधा झाली. त्याच्यावांचून स्पेननें स्वीडनशीं ०–० व पोलंडशीं १–१ अशी बरोबरी केली. त्याच्या जागीं खेळलेला रोड्री कांहीं लेचापेचा नव्हता; पुढें २०२४ सालीं जगांतील सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन द'ओर' हा मान त्यालाच मिळाला. परंतु त्या वेळीं संघाची घडी बसेना. २३ जून रोजीं बुस्केट्स परतला आणि स्पेननें स्लोव्हाकियावर ५–० असा विजय मिळविला. त्यांतील दोन गोल प्रतिपक्षानें स्वतःच आपल्यावर चढविले, हें खरें. तथापि सामन्याचा उत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती एकही गोल न करणाऱ्या बुस्केट्सची. सामना संपल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें.

गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. एप्रिल २०१० मध्यें इंटर मिलान संघाच्या थियागो मोटाचा हात चेहऱ्यास लागतांच तो जमिनीवर कोसळला, आणि तोंड झांकलेल्या हातांच्या फटींतून पंचाकडे पाहतांना छायाचित्रयंत्रानें त्याला टिपलें. मोटाला मैदानाबाहेर जावें लागलें. तरीही अंतिम सामन्यास इंटरच गेला. त्या लबाडीनें त्याच्या कीर्तीस डाग लागला तो लागलाच. दुसरी मर्यादा त्याच्या स्वभावाची नव्हे, तर घडणीची होती. पुढचे गडी चेंडू परत मिळविण्यास झटेनासे झाले व फळ्यांमधील अंतर वाढलें, कीं एवढें मोठें मैदान एकट्यानें राखण्याइतकी चपळाई त्याच्यापाशीं नव्हती. १४ ऑगस्ट २०२० रोजीं लिस्बन येथें बायर्न म्युनिकनें बार्सिलोनाचा ८–२ असा धुव्वा उडविला, तेव्हां हें साऱ्या जगानें पाहिलें. दोन वर्षांनीं जुना झालेला म्हणून त्याला नांवें ठेवणारे पुष्कळ निघाले. पण बुद्धि तीच होती, पायही तेच होते. भोंवतालची व्यवस्था ढिली पडली होती. दिवा उंबरठ्यावर ठेवावयाचा तर उंबरठा तरी जागेवर हवा.

मेस्सी २०२१ सालीं क्लब सोडून गेला, तेव्हां कर्जानें वांकलेल्या त्या संघाचें नायकपद बुस्केट्सकडे आलें. दोन वर्षांनीं, २०२३ सालीं, लीगचें अजिंक्यपद पुन्हां मिळवून देऊन तो तेथून निघाला. कांहीं काळ अमेरिकेंतील मायामीच्या संघांत खेळून २०२५ च्या हंगामाअखेर त्यानें खेळाची रजा घेतली.

वाचकहो, एकत्र कुटुंबांतही अशी एखादी काकू किंवा एखादा थोरला भाऊ असतो. कोणाची फी केव्हां भरावयाची, पाहुणे येतांच तांदूळ किती वाढवावयाचे, कोणत्या दोघांमध्यें आज बोलाचाली झाली आहे, हें सारें त्यांनीं आधींच पाहून ठेवलेलें असतें. पारितोषिकें दुसऱ्यांच्या नांवें लागतात. त्यांची किंमत आपल्याला बहुधा तीं माणसें अंथरुणाला खिळल्यावर कळते. आणि घर अस्ताव्यस्त झालें, प्रत्येकजण आपापल्या वाटेनें निघाला, म्हणजे आपण दोषही त्यांनाच देतों. त्यांच्यावर भार टाकण्यापूर्वीं आपण त्यांच्या जवळ उभे आहों कीं नाहीं, हें प्रत्येकानें एकदां मान वळवून पाहावें. मुलांच्या बाबतींतही हेंच लक्षांत ठेवावें: प्रत्येक मूल गोल करणारें निघत नाहीं, आणि जें निघत नाहीं त्याची जागा कोठें आहे हें ओळखणें, हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.