क्षमा करायचा अधिकार कुणाचा?

शुभवर्तमान आणि गावगाडा : लेखांक ७

मागच्या लेखांकात ईयोबाचे मित्र भेटले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. उपदेश सुरू केला आणि बिघडलं. आज तोच धडा घेऊन आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जायचं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावाचा बाजाराचा दिवस. पिंपळनेरला पालं टाकून राहिलेल्या नाथपंथी डवरी गोसाव्यांपैकी पाच जण तिथे आले. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्यांच्या आधीच पोचली होती. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच पाचही जणांचा जीव घेतला. काही जण मोबाइलवर चित्रण करत होते.

याला वंशद्वेष म्हणायचं का? इथे कातडीचा रंग कुणी पाहिला नाही. पण परका पेहराव आणि खांद्यावरची झोळी पाहून माणूस चोर ठरतो, तेव्हा जात वेगळी निघाली तरी रोग तोच.

अशा वेळी मंडळीतून पहिला शब्द येतो तो क्षमेचा. ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, तिमथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. अमेरिकेत चार्ल्सटनच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी वर्णद्वेषी तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी काही नातेवाइकांनी भर न्यायालयात क्षमेचे शब्द उच्चारले. पण दोन्हीकडे क्षमा केली ती ज्यांचं माणूस गेलं त्यांनी. आणि दोन्हीकडे खटला चालला, शिक्षा झाली. दुसऱ्याच्या घरच्या मयतीत आपण क्षमा वाटत फिरणं हा आगाऊपणा आहे.

राईनपाड्यानंतर नातेवाइकांनी मागण्या मान्य होईपर्यंत मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला. काहींना तो अडेलपणा वाटला असेल. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला तरी वाटू नये. स्तोत्रांत आणि विलापगीतात देवापुढे रडणारी माणसं देवालाच जाब विचारतात. तक्रार हासुद्धा शोकच असतो आणि तो ऐकून घेणं ही सेवा असते.

मग मंडळीच्या वाट्याला काय उरतं? पापांगीकार. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना डांबून ठेवणाऱ्या वसाहतींपैकी कित्येक फ्रेडरिक बूथ-टकर यांच्या मुक्तिफौजेने चालवल्या. हेतू सुधारणेचा होता, पण कुंपण, हजेरी आणि संशय यांना त्यातून धर्माचा आधार मिळाला. कायदा १९५२ साली गेला, शिक्का राहिला. त्याची झळ सगळ्याच भटक्यांना बसते. साक्री-नवापूर पट्ट्यातल्या मंडळ्या बहुतांशी आदिवासी, म्हणजे स्वतःच हिणवल्या गेलेल्या लोकांच्या. हे पाप त्यांना समजावून सांगावं लागू नये.

पापांगीकाराला कृतीची जोड हवी. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. त्या अधिकाऱ्याचा नंबर पाळकाकडे असावा. अफवेचा मेसेज आला तर उपासनेनंतर तो खोटा असल्याचं खणखणीत सांगावं. गावाबाहेर पालं पडली की मंडळीतल्या चार जणांनी जाऊन नावगाव विचारावं, पाण्याची सोय दाखवावी. ओळख झालेल्या माणसावर सहसा कुणी दगड उचलत नाही. उचललाच, तर आडवं येणारं कुणीतरी असतं.

पुढच्या आठवड्यात : झुंडीत आपलाच मुलगा असेल तर आईबापांनी काय करायचं?