नागरिकत्वाचा अर्ज आणि गावाकडची सदस्यत्वे

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सभासदत्वांचा तोटा नाही: विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखाना, विकास सोसायटी, गणेश मंडळ. अमेरिकेच्या नागरिकत्वाला यांची अडचण होत नाही. मात्र त्यासाठीच्या एन-४०० अर्जात कम्युनिस्ट वा हुकूमशाही पक्षाशी कधीही, कोणत्याही प्रकारे संबंध होता का, असे ऐसपैस विचारतात. आपल्या आदिवासी पट्ट्यात कम्युनिस्टांशी जोडलेल्या किसान सभेचे काम आहे. पण तिच्या मोर्चाला गेलेला प्रत्येक जण काही पक्षाचा सदस्य नसतो. शिवाय अमेरिकेचा १९५२ चा नागरिकत्वविषयक कायदा मुख्यतः अर्जाआधीची १० वर्षे पाहतो. १६ वर्षांखालचे किंवा नोकरी-रेशनसाठी नाइलाजाने घेतलेले सदस्यत्व सोडून देतो. दडवादडवी मात्र महागात पडते, मिळालेले नागरिकत्वही रद्द होऊ शकते. शंका असल्यास वकिलाला विचारूनच सही करा.