ऑर्व्हिएतोला मुक्कामच करावा

रोमहून फ्लॉरेन्सला निघालेली मंडळी वाटेत ऑर्व्हिएतोला दुपारपुरती उतरतात, कॅथेड्रल बघतात आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथे मुक्काम करा. जमलं तर चार-पाच रात्री राहा.

इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ, पिवळसर दगडाच्या उभ्या कड्यावर वसलेलं आहे. त्या दगडाला टफ म्हणतात. स्टेशन खाली राहतं आणि फ्युनिक्युलर नावाची उतारावरची छोटी गाडी काही मिनिटांत वर नेते. 1888 साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याची टाकी भरली की तो खाली यायचा आणि येता येता खालचा डबा वर ओढायचा. आता ती विजेवर चालते.

वर पोचलात की आधी विहीर बघा. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, त्यामुळे मी तिच्यापाशी फार रमलो. 1527 साली रोमची लूट झाली आणि पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. गडावर पाणी नसेल तर कडा कितीही उंच असून उपयोग नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. पोपने आंतोनिओ दा सांगाल्लोला विहीर खोदायला सांगितलं. ती 50 मीटरांहून खोल आहे. वरचा भाग टफमध्ये कोरलेला, खाली चिकणमाती लागली तिथे विटांचं बांधकाम. उतरायला 248 पायऱ्यांचा गोल जिना, वर यायला तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांभोवती फिरतात, पण तळाशी पाण्यावरच्या छोट्या पुलाखेरीज कुठेच मिळत नाहीत. पाणी आणायला जाणारी खेचरं एका जिन्याने उतरायची आणि दुसऱ्याने भरून वर यायची, समोरासमोर गाठच नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत त्या खेचरांसाठीच. आमचे गुडघेही त्यामुळे कुरकुरले नाहीत. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या सत्तरेक खिडक्यांतून वरचा उजेड झिरपतो. विहीर 1537 मध्ये पुरी झाली, क्लेमेंटच्या मृत्यूनंतर.

कॅथेड्रलला मात्र संध्याकाळी जावं. दर्शनी बाजू मावळतीकडे आहे, त्यामुळे उतरतं ऊन मोझेकच्या सोन्यावर थेट पडतं. बाजूच्या भिंतींवर काळे-पांढरे पट्टे आहेत. त्यातला काळा दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच पाषाण. दाराशेजारच्या खांबांवर सृष्टीच्या उत्पत्तीची शिल्पं आहेत. झोपलेल्या आदमच्या कुशीत हात घालून देव बरगडी काढतोय, तो प्रसंग हाताच्या अंतरावरून न्याहाळता येतो. आत लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत. ती सकाळी, डोळे ताजे असताना बघावीत.

इथला निवांतपणा आपोआप टिकलेला नाही. 1999 मध्ये ऑर्व्हिएतोसह चार इटालियन गावांनी ‘चित्तास्लो’ ही संथ गावांची चळवळ सुरू केली. गोगलगाय हे तिचं चिन्ह. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांनाच सभासद होता येतं. वाहनं, गोंगाट, स्थानिक शेतमाल, जुन्या इमारती यांबाबत काही बंधनं पाळावी लागतात. कडाही सांभाळावा लागतो. टफखालची माती सरकते, दरडी कोसळतात. म्हणून 1978 साली इटलीने ऑर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा करून पैसा दिला. गाव उभं ठेवायला असं सतत झटावं लागतं. मला त्याचं फार मोल वाटतं.

जेवायला उंब्रिकेल्ली मागा. नुसतं पीठ आणि पाणी मळून हाताने वळलेल्या या जाडसर शेवया असतात. शाकाहारी असाल तर टोमॅटो-लसणाच्या रश्शात घ्या, मांस नको म्हणून आधीच सांगा. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा तुम्हीही खोलीवर जाऊन पडा. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियाझ्झा देल पोपोलो या चौकात बाजार भरतो. फळं तिथूनच घ्या आणि कड्याच्या पायथ्याशी गावाला वळसा घालणाऱ्या पायवाटेने निघा. वाटेत एत्रुस्कन लोकांची दगडी थडगी लागतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दारांवर घराण्यांची नावं कोरलेली आहेत. जोडे चांगले घाला, वाट चढउताराची आहे.