नाकामारोचा चंद्र

उंचवट्यावर एक माणूस ताठ उभा आहे. भोवतीचे चिनी सेवक कमरेत वाकलेत, पण त्यांच्याकडे त्याचं लक्षच नाही. तो समुद्राकडे बघतोय. १८३५-३६च्या सुमारास जपानी चित्रकार होकुसाईने केलेलं हे लाकडी ठशांचं चित्र. घरच्या ओढीचं इतकं संयत चित्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

हा आबे नो नाकामारो. ७१७ साली, विशीच्या उंबरठ्यावर, तो जपानी शिष्टमंडळाबरोबर चीनला शिकायला गेला. तांग दरबारात मोठ्या हुद्द्याला पोहोचला. ली बाय, वांग वेई यांच्यासारखे कवी त्याचे मित्र झाले. परत निघायला ७५३ साल उजाडलं. निरोपाच्या रात्री चंद्र पाहून त्याला जपानमधल्या नाराजवळच्या मिकासा डोंगरावरचा चंद्र आठवला आणि त्यातून कविता झाली, असं परंपरा सांगते. पुढे जहाज वादळात भरकटून आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागलं. तो बुडाला असं समजून ली बायने शोककविताही लिहिली. नाकामारो वाचला खरा, पण पुन्हा चीनच्या राजधानीत आला आणि ७७० साली तिथेच वारला.

‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवींच्या संग्रहात नाकामारोची ती चंद्राची कविता सातवी. त्या शंभर कविता एखाद्या दाईने चित्रांतून समजावून सांगाव्यात, अशी होकुसाईच्या मालिकेची कल्पना होती. पंचाहत्तरीतल्या या चित्रकाराने अश्रू काढले नाहीत, हुंदकाही नाही. मानमरातब सगळा पायाशी ठेवला आणि नजर तेवढी दूर पाठवली. त्याचं मोठेपण मला इथे दिसतं.

असं चित्र छापायचं म्हणजे चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कागदासकट लाकूड कोरी. प्रत्येक रंगाला शक्यतो वेगळी फळी. कागद तसूभरही सरकू नये म्हणून फळीच्या कडेला खाचा. मग ओल्या रंगावर कागद ठेवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासायचं.

होकुसाई ही मालिका करत होता, ते जपानमधल्या तेन्पो दुष्काळाचे दिवस होते. शंभरांपैकी २७च चित्रं छापून झाली. जी फळीपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांतली बरीच रेखाटनं आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहेत. नाकामारोचं रेखाटन कोरतानाच संपलं. छापील प्रती मात्र संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आहेत. मोठ्या करून जरूर पाहा.