डिस्पोजलची जिप्सी

झाशी म्हटलं की मराठी माणूस आधी किल्ल्याकडे वळतो. नेवाळकरांचा वाडा, मणिकर्णिकेचं लग्न लागलं ते गणेश मंदिर, विष्णुभट गोडसे ‘माझा प्रवास’मध्ये सांगून गेले ते १८५८ चे दिवस, आणि तिथून गाडी थेट ओरछ्याला. छावणी कुणाच्याच यादीत नसते. १८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मोरारची छावणी शिंद्यांना दिली आणि बदल्यात झाशी शहर घेतलं. छावणीतला सदर बाजार हा पलटणीच्या गरजांवर उभा राहिलेला बाजार. हिंदुस्थानातल्या छावण्यांतले बहुतेक सदर बाजार तसेच आहेत. घोड्यांच्या जमान्यात पलटणीच्या कामातून गेलेली जनावरं लिलावात निघत आणि गावातलं कुणीतरी ती घेई. आता घोड्यांच्या जागी गाड्या आहेत, लिलाव मात्र चालूच आहे.

झाशीत भारतीय लष्कराच्या ३१ व्या चिलखती डिव्हिजनचं मुख्यालय आहे आणि जवळच बबीन्याला रणगाड्यांचं सरावाचं मैदान. रणगाडा काही आपल्याला विकत घेता येत नाही. जिप्सी घेता येते. स्वस्तात एखादी जुनी फोर बाय फोर घ्यावी, सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली लोळावं, हळूहळू उभी करावी आणि मग सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर न्यावी, अशी हौस असलेल्या माणसाच्या कानावर आज ना उद्या एक वाक्य येतंच: ‘डिस्पोजलची घे, लष्कराने सांभाळलेली असते.’ त्यातलं अर्धं खरं आहे.

मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर १९८५ मध्ये. मूळची ती सुझुकीची एसजे ४१०, पण आपल्याकडे आली ती लांब व्हीलबेसची, २,३७५ मिलिमीटरची. ९७० सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन, ताकद ४५ अश्वशक्ती, गिअर चार. आकडे ऐकून आजचा गाडीवाला हसेल. पण गाडीचं वजन टनाच्या आतबाहेर, आणि चिखलात कामाला येतं ते हेच. जड गाडी जिथे पोटापर्यंत रुतते तिथून ही टायरच्या टोकांवर निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात. १९९६ साली १,२९८ सीसीचं ६० अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअर आले, २००० मध्ये मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शनचं ८० अश्वशक्तीचं. लष्कराने हजारोंनी घेतल्या. साध्या गिऱ्हाइकासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. एअरबॅग, एबीएस आणि धडकेच्या चाचण्यांच्या नव्या नियमांत एवढं जुनं अंग बसवणं परवडणारं नव्हतं. तेहतीस वर्षांत तिला एसी मिळाला नाही, आणि मागच्या बाकांवर बसणाऱ्याच्या पाठीचा विचारही कुणी केलेला दिसत नाही.

महाराष्ट्रात जीप म्हणजे महिंद्रा, हे मला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच माझगावात विलिसच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली, पुढे कारखाना कांदिवलीला आणि नाशिकला वाढला. सांगली-कोल्हापूरकडच्या दोन पिढ्या वडापच्या जीपला लोंबकळत कॉलेजात गेल्या. त्या डिझेल इंजिनांची माया वेगळीच. पण पहिलाच प्रकल्प असेल तर मी जिप्सीच सुचवेन. १३०० चं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं, त्यामुळे बरेच सुटे भाग कुठेही मिळतात, आणि पेट्रोल इंजिन बांधायला डिझेलपंपवाल्याच्या दारात रांग लावावी लागत नाही.

लष्करातली गाडी निघते ती ‘बीईआर’ ठरली की, म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेला की. एवढं वाचूनच काहीजण परत फिरतील, पण लष्कराचा हिशेब आणि हौशी माणसाचा हिशेब एक नसतो. लष्कराला मोहिमेवर दगा न देणारी गाडी लागते. आपल्याला रविवारी राजगडाच्या पायथ्यापर्यंत पोचवणारी पुरते. लिलाव आता बहुतांशी ऑनलाइन, एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तसा उचलायचा. बोली लावणारे बहुतेक व्यापारी असतात. त्यांना लॉट परवडतो, क्रेन परवडते, दहातल्या चार गाड्या भंगारात घालणंही परवडतं. एका गाडीच्या आशेने गेलेला हौशी माणूस तिथे टिकत नाही. त्याने व्यापाऱ्याकडून किंवा आधीच्या हौशी माणसाकडूनच घ्यावी.

‘लष्कराने सांभाळलेली’ याचा अर्थ असा: ग्रीस वेळेवर, तेल वेळेवर, ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती दलाचे कारागीर हाताशी. पण त्याच गाडीला शेकडो हात लागलेले असतात, ती महिनोन्महिने शेडमध्ये उभी राहिलेली असते, आणि विक्रीच्या आवारात पडून असताना तिची बॅटरी, टायर, कधी कार्बोरेटरसुद्धा गेलेला असतो. शिवाय झाशीत मिळाली म्हणजे तिचं आयुष्य झाशीतच गेलं असं नाही. तिने दहा पावसाळे आसामात काढले असतील.

पैसे देण्याआधी तिच्याखाली सरपटत जावं. पाठ मातीला लागल्याशिवाय जिप्सी कळत नाही. खरी लष्करी गाडी असेल तर सगळ्यात आधी मागच्या एक्सलचा फुगीर गोळा दिसतो, पांढरा रंगवलेला. त्याच्यावर एक छोटा दिवा असतो. रात्री ताफा दिवे मालवून चालतो तेव्हा मागच्या ड्रायव्हरने फक्त तो पांढरा ठिपका धरून यायचं. व्यापाऱ्याने वरून कितीही रंग फासलेला असो, हा पांढरा सहसा कुठेतरी उरतो. तिथून नजर चेसिसवर न्यायची. जिप्सीचं अंग हे शिडीसारख्या चेसिसवर ठेवलेलं वेगळं खोकं आहे. पत्रा सडला तर पत्रा बदलता येतो, चेसिस सडलं तर गाडी संपली. मिस्त्री लहान हातोडीने चेसिस टोकापासून टोकापर्यंत ठोकत जातो. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे जोडलेत तो भाग, आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्या जागा, इथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. आत गेलं तर उठून हात झटकावे आणि चहा प्यायला जावं. काळ्या अंडरकोटचा ताजा, जाड थर दिसला तर तो खरवडू द्यायला मालक तयार आहे का, एवढंच विचारावं. उत्तर मिळून जातं.

गाडी झाशीकडेच राबलेली असेल तर इथे फायदा आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वर समुद्राची खारी हवा. झाशीत पाऊस हजाराच्या आत. बुंदेलखंडातला उन्हाळा रबर, सील आणि टपाचं कापड खाऊन टाकतो, पण ती बाजारात मिळणारी चीज आहे. चेसिस नाही मिळत. म्हणून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने जिप्सी कोरड्या मुलखातून आणावी, भाडं पडलं तरी.

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, एक्सलच्या टोकाला, गुळगुळीत अर्धगोल हाउसिंग असतं. त्यावरून तेल-ग्रीसचा काळा चिखल ओघळत असेल तर आतले सील गेले. सील स्वस्त आहेत, मजुरी पुष्कळ. हाउसिंगच्या गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही महिन्यात फाटणार. तिथेच किंगपिनची बेअरिंग. ती ढिली झाली की पन्नास-साठच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टीअरिंग हातात असं थरथरायला लागतं की गाडी थांबवण्यावाचून इलाज नसतो. पुष्कळजण स्टीअरिंग डँपर बसवून हा रोग झाकतात. डँपर नवा आणि बाकी सगळं जुनं, अशी गाडी दिसली की समजून घ्यावं.

मग फोर बाय फोर. जिप्सीत गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर केस वेगळी, मध्ये एक छोटा शाफ्ट. म्हणून केबिनमध्ये दोन दांडे. दुसऱ्या दांड्याने ‘फोर-एल’ टाकलं की इंजिनाचा जोर दीडपटीहून अधिक वाढतो आणि गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून चढते. विकणारा म्हणेल, चालू आहे. त्याला मातीच्या रस्त्यावर न्यावं, पुढच्या चाकांचे हब लॉक करावेत आणि पुढची चाकं खरंच माती उकरतात का ते बाहेर उभं राहून पाहावं. डांबरावर ही परीक्षा घेऊ नये: या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, कोरड्या कठीण रस्त्यावर वळताना पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि क्रॉस तुटतात. पुढचा शाफ्ट काढून ठेवलेल्या कितीतरी जिप्स्या ‘फोर बाय फोर’ म्हणून फिरतात.

इंजिनाबद्दल मी एवढा वेळ काहीच बोललो नाही, कारण त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. निळा धूर येत असेल तर रिंगा-पिस्टन, फार तर बोअर. ते काम कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं.

काळजी कागदांची. लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. वर टोक केलेला बाण, मग सालाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक अशी तिची वेगळी पाटी असते. लिलावात गेली की तो नंबर संपला. त्यानंतर तिचा नागरी जन्म व्हावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमात माजी लष्करी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१ मधलं, मागितलं आहे. मूळ म्हणजे मूळ. बाजारात मात्र झेरॉक्सची झेरॉक्स दाखवतात, तीही अशी की चेसिस नंबराचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते देवाला ठाऊक. म्हणून माझा सल्ला कोरडा आहे: जिची नोंदणी आधीच झालेली आहे आणि जी सरकारच्या वाहन पोर्टलवर जिवंत दिसते तीच घ्या. चेसिसवर ठोकलेला नंबर पॉलिश पेपरने साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेली छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. आकड्यांची ओळ वाकडी असेल, आजूबाजूला वेल्डिंगचा व्रण असेल, तर ती जिप्सी दोन गाड्यांची मिळून झालेली आहे.

पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीत तर असा अख्खा धंदाच उभा राहिला. लिलावाच्या जीपचे अवशेष आणायचे, नवी बॉडी मारायची, रुंद टायर घालायचे आणि लग्नाच्या वरातीला शोभेल अशी उघडी जीप करून द्यायची. कारागिरी अव्वल, यात वाद नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल सांगतो की उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत. उंच केलेले पाटे, बाहेर आलेले टायर, बंपरवर दिव्यांची दिवाळी, हे सगळं जप्तीला आमंत्रण आहे.

आणि रंग! ज्या ऑलिव्ह हिरव्या रंगाच्या प्रेमात पडून माणूस डिस्पोजलची गाडी घेतो, तो रंगच आधी उतरवावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कुणालाही गाडीला तो रंग देता येत नाही. चाकाच्या वर रंगवलेला हवेच्या दाबाचा आकडा, बाण, तुकडीची खूण, सगळं पुसायचं. मला हे योग्यच वाटतं. बबीन्याच्या रस्त्यावर पहारेकऱ्याला खरी कोणती आणि हौशी कोणती असा प्रश्न पडता कामा नये.

उत्तर प्रदेशातली गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इथे फॉर्म २७ वर नवा नंबर, हस्तांतराचे २९ आणि ३०, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल, आणि बहुतेक असतेच, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च वेगळा. ६०० रुपयांची ती फी एप्रिल २०२२ मध्ये हलक्या मोटारीला ५,००० झाली. नूतनीकरण पाच वर्षांचं, आणि दर वेळी गाडी नेऊन दाखवायची. झाशीहून पुण्याला ती चालवत आणण्याचा मोह आवरावा. हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि अनोळखी गाडीचे ब्रेक सातपुड्याच्या उतारावर तपासायचे नसतात. ट्रकवर चढवून आणा.

घरी आल्यावर पैसे कुठे घालायचे हे ठरलेलं असावं, कारण सगळ्या हौशी माणसांचा पाय एकाच जागी घसरतो. ते विंच, छतावरचं कॅरिअर आणि लोखंडी बंपर आधी घेतात. जिप्सीची मोठी गंमत तिच्या हलकेपणात आहे आणि हे लोक तिच्यावर क्विंटलभर लोखंड चढवतात. आधी ब्रेक: सगळे सिलिंडर, सगळे पाइप. मग किंगपिन, टायरॉड एंड, पाट्यांचे बुश. मग पाच सारखे टायर, कारण चार वेगवेगळ्या झिजेचे टायर ट्रान्सफर केस फोडतात. वायरिंग पूर्ण नवं. सीट शेवटी. गाडीला जेवढे मोजले तेवढेच पुन्हा बाजूला ठेवलेले असावेत. नसतील तर एक वर्ष थांबावं. विंचचं म्हणाल तर जोडीला दुसरी गाडी, एक चांगला दोर आणि पुढे-मागे मजबूत हुक एवढ्यावर भागतं. लष्कराच्या जिप्सीला हुक मुळातच असतात. तेवढे मात्र व्यापाऱ्याने कापून ठेवलेले नाहीत ना, हे झाशीतच बघून घ्यावं.