थेंबामागचा पुरावा

आठ वर्षांच्या मुलीचा नंबर वर्षभरात उणे दीडवरून उणे सव्वादोनवर गेला की आईबाबा धास्तावतात. "सोसायटीतल्या एका मुलाला रोज रात्री थेंब घालतात. त्यानं नंबर वाढायचा थांबतो म्हणे. आपणही सुरू करायचे का?" थेंब लिहून देणं हे नेत्रतज्ज्ञाचं काम, पण हा प्रश्न बहुतेक वेळा आधी ऑप्टोमेट्रिस्टलाच विचारला जातो, कारण नंबर तो काढत असतो आणि पालक त्याच्याशी मोकळेपणानं बोलतात. अशा वेळी तो काय सांगतो? कॉलेजात ऐकलेलं आठवून सांगतो, किंवा औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं टेबलावर ठेवलेल्या पत्रकातलं सांगतो. कॉलेजातलं जुनं झालेलं असतं आणि पत्रक एकाच बाजूनं बोलतं. नीट उत्तर ग्रंथालयात असतं. म्हणून ग्रंथालयात शोध घेणं हा नेत्रतपासणीचाच भाग आहे, अक्षरांच्या तक्त्याइतकाच, असं मला मनापासून वाटतं.

पुराव्यावर आधारलेली आरोग्यसेवा म्हणजे काय, हे डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या लेखात मांडलं. उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची गरज व पसंती या सगळ्यांचा मेळ त्यांना अपेक्षित होता. अनुभव टाकून द्या, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. पण पंचवीस वर्षांचा अनुभवसुद्धा आपल्याकडे परत आलेल्या रुग्णांचाच असतो. जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं, हे त्या अनुभवाला कळत नाही.

शोधाची सुरुवात प्रश्न नीट बांधण्यापासून होते. 'थेंब चांगले का?' या प्रश्नाला उत्तर नाही. सहा ते बारा वर्षांच्या, नंबर वाढत असलेल्या मुलांमध्ये, कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब, औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या थेंबांच्या तुलनेत, दोन वर्षांत नंबर आणि डोळ्याची लांबी यांची वाढ किती कमी करतात? आता उत्तर शोधता येईल. कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत आणि काय मोजलं, हे चार भाग कागदावर लिहून काढायला पाच मिनिटं लागतात, आणि पुढचे दोन तास वाचतात.

मग पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांसाठी मोफत आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या पसाऱ्यात नुसते शब्द टाकले तर माणूस बुडतो. म्हणून तिथल्या सूचीकारांनी 'मेश' नावाची ठरीव विषयशीर्षकं केली आहेत. लेखकानं लघुदृष्टीला मायोपिया म्हटलेलं असो वा निअरसाइटेडनेस, दोन्ही लेख एकाच शीर्षकाखाली येतात. सगळ्याच लेखांना मात्र शीर्षक लागलेलं नसतं, म्हणून शीर्षकासोबत साध्या शब्दांनीही शोध घ्यावा. समानार्थी शब्द 'ऑर'नं जोडायचे, वेगवेगळ्या कल्पना 'अँड'नं. 'नॉट' जपून वापरावं, कारण नको त्या लेखांबरोबर ते हवे असलेलेही उडवून लावतं.

यापेक्षा महत्त्वाची एक सवय आहे, आणि ती फार थोडे जण लावून घेतात. शोधशब्दांमध्ये आपलं उत्तर घालायचं नाही. 'ॲट्रोपिन' आणि 'मायोपिया' यांच्या जोडीला 'परिणामकारक' हा शब्द टाकला, की थेंबांचं कौतुक करणारे निबंध वर येतात आणि काहीच फरक न दिसलेल्या चाचण्या मागे राहतात. शोध असा घ्यावा की आपल्याला नको असलेलं उत्तरही हाती लागेल. ॲट्रोपिनच्या बाबतीत ते लागतं.

२००६ मध्ये सिंगापूरमधून ॲटॉम या चाचणीचे निकाल आले. ४०० मुलं, निम्म्यांच्या एकाच डोळ्यात एक टक्का ॲट्रोपिन, उरलेल्यांच्या डोळ्यात औषध नसलेले थेंब. नंबरवाढ चांगलीच मंदावली. पण एवढ्या मात्रेनं बाहुली मोठी होते, उन्हात डोळे दिपतात, जवळचं वाचता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे कसं झेपणार? म्हणून त्याच गटानं दुसरी चाचणी घेतली, तिचे निकाल २०१२ मध्ये आले. पुन्हा ४०० मुलं, मात्रा अर्धा टक्का, ०.१ टक्का आणि ०.०१ टक्का. सर्वांत कमी मात्रेचा फारसा परिणाम होणार नाही, असंच संशोधकांनी धरलं होतं. प्रत्यक्षात त्या मुलांचा नंबर दोन वर्षांत सरासरी ०.४९ डायॉप्टरनं वाढला. पहिल्या चाचणीत औषध न मिळालेल्या मुलांचा १.२० नं वाढला होता. ०.०१ टक्क्याची कीर्ती इथून पसरली.

निबंधाचा सारांश वाचून थांबणारा इथंच थांबतो. पूर्ण निबंध उघडणाऱ्याला दोन गोष्टी दिसतात. दुसऱ्या चाचणीत औषधाविना ठेवलेला गटच नव्हता, तुलना कित्येक वर्षांपूर्वीच्या मुलांशी होती. आणि ०.०१ टक्केवाल्या मुलांच्या डोळ्याची लांबी दोन वर्षांत ०.४१ मिलिमीटरनं वाढली, तर पहिल्या चाचणीतल्या औषधाविना मुलांची ०.३८ नं. म्हणजे नंबर मंदावलेला दिसतो, पण डोळा लांबायचा तसा लांबतोच आहे. मोठेपणी डोळ्याच्या पडद्याला जो धोका होतो तो या ताणलेल्या लांबीमुळे. त्यामुळे कोष्टकातला हा एक आकडा साऱ्या मथळ्यापेक्षा मोलाचा आहे.

पुढं हाँगकाँगमध्ये ४३८ मुलांवर लॅम्प ही चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. यात औषधाविना गट होता. वर्षभरात ०.०५ टक्केवाल्यांचा नंबर ०.२७ नं वाढला, ०.०१ वाल्यांचा ०.५९ नं आणि औषधाविना मुलांचा ०.८१ नं. लांबी अनुक्रमे ०.२०, ०.३६ आणि ०.४१ मिलिमीटरनं वाढली. भारतात १०० मुलांवर आय-ॲटॉम ही चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ०.०१ टक्क्यानं वर्षभरात नंबरवाढ ०.३५ ऐवजी ०.१६ वर आली. लांबीतला फरक मात्र ०.२२ विरुद्ध ०.२८ मिलिमीटर एवढाच होता, आणि तो योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. मग २०२३ मध्ये अमेरिकेतून एकाच वर्षात दोन निकाल आले. सरकारी नेत्रसंस्थेच्या पैशानं १८७ मुलांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी ०.०१ टक्का आणि औषध नसलेले थेंब यांत काहीच फरक निघाला नाही. नंबरवाढ ०.८२ आणि ०.८०. त्याच वर्षीच्या चँप या औषध कंपनीच्या तीन वर्षांच्या चाचणीत ०.०१ टक्का सरस ठरला, आणि त्याहून दुप्पट मात्रा, ०.०२ टक्का, मुख्य निकषावर ठरली नाही.

आता काय करायचं? आवडेल तो निबंध उचलायचा नाही. मुलं कुठली, थेंब कोणी बनवले, किती जण मध्येच सोडून गेले, पैसा कोणाचा, मुख्य निकष आधीच ठरवला होता की निकाल पाहून निवडला, हे सगळं शेजारी शेजारी मांडायचं. शेवटच्या प्रश्नासाठी चाचण्यांच्या नोंदवह्या आहेत. भारताची सीटीआरआय ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तिच्यात आधी नोंद करणं बंधनकारक आहे. ती कोणालाही उघडून पाहता येते.

सगळे निबंध स्वतः चाळणं दवाखाना सांभाळणाऱ्याला शक्य नसतं. तिथं सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे उपयोगी पडतात. मुलांच्या मायोपियावरच्या त्यांच्या २०२३ च्या आढाव्यात ६४ चाचण्या आणि ११,६१७ मुलं आहेत, आणि नवे निकाल येतील तसा तो अद्ययावत करायचा असं ठरलेलं आहे. त्याच वर्षी निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांचाही आढावा आला. सतरा चाचण्या. स्क्रीनसमोर बसून डोळ्यांना येणारा शीण, निदान थोड्या काळापुरता तरी, या काचांनी कमी होत नसावा, असा निष्कर्ष निघाला. झोपेबद्दल ठाम काही सांगता आलं नाही, आणि पडद्याचं रक्षण होतं का हे तर एकाही चाचणीनं तपासलेलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात या कोटिंगचे जादा पैसे घेताना गिऱ्हाईकाला हे सांगायला हवं. न सांगणं मला गैर वाटतं.

नीट घेतलेल्या शोधात न विचारलेलंही सापडतं. 'मायोपिया' आणि 'मुलं' एवढ्यावर शोधलं की चीनमधल्या ग्वांगझूची २०१५ ची चाचणी समोर येते. बारा प्राथमिक शाळांपैकी निम्म्यांनी रोज ४० मिनिटं जादा मैदानावर घालवली. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. मैदानाचं पत्रक कोणताच प्रतिनिधी आणून देत नाही.

हे सगळं वाचायला मिळतं का? बरंच मिळतं. इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीचे लेख खुले आहेत, आयओव्हीएस हे नियतकालिक २०१६ पासून खुलं आहे, पबमेड सेंट्रलवर लाखो पूर्ण निबंध आहेत. कॉक्रेनचे सोप्या भाषेतले सारांश सर्वांना खुले आहेत आणि पूर्ण आढावे वर्षभरानं मोफत होतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. पण ही सोय सुरुवातीला सरकारी संस्थांपुरती आहे. खाजगी कॉलेजात ऑप्टोमेट्री शिकणारे विद्यार्थी तिच्या बाहेर राहतात. आणि पदवी घेऊन गावी स्वतःचा दवाखाना टाकणाऱ्याचं कॉलेजचं लॉगिनही संपतं. ज्या दिवसापासून खरे रुग्ण समोर बसायला लागतात, त्याच दिवसापासून ग्रंथालयाचं दार बंद.

यात बदल करायला फार पैसा लागत नाही. कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांना वाचनालयाचं सभासदत्व द्यावं, निदान तिथं बसून वाचण्यापुरतं तरी. ग्रंथपालाला अभ्यासक्रमात तास द्यावा, कारण विषयशीर्षक कसं निवडायचं, बंद असलेला निबंध दुसऱ्या ग्रंथालयातून कसा मागवायचा किंवा थेट लेखकाला पत्र लिहून कसा मिळवायचा, हे त्याच्याइतकं कोणालाच येत नाही. प्रबंधाच्या आधी महिनाभर त्याची आठवण काढून भागत नाही. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यानं दर पंधरवड्याला बाह्यरुग्ण विभागातला एक खरा प्रश्न घेऊन त्याच्याकडे जावं, चार भागांत तो मांडावा, आणि सापडलेलं, विरोधातलंसुद्धा, एका पानावर लिहून विभागात लावावं.

तोवर त्या आईबाबांना इतकं सांगता येतं. ०.०१ टक्क्याचा परिणाम झाला तर थोडा, कदाचित काहीच नाही. ०.०५ चा पुरावा अधिक भक्कम, पण तो मुख्यतः पूर्व आशियातल्या मुलांचा. अधिक मात्रेचे थेंब अचानक थांबवले तर नंबर पुन्हा वेगानं वाढू शकतो, म्हणून सुरू करणं आणि बंद करणं दोन्ही नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. दर सहा महिन्यांनी नंबरासोबत डोळ्याची लांबी मोजून घ्यायची. आणि मुलीला रोज उजेडात, बाहेर खेळू द्यायचं.