रोजकीर्द मुलाच्या शिकण्याची

रात्री दुकान वाढविताना गल्ला मोजला जातो आणि दिवसभराची देवघेव रोजकीर्दीत चढविली जाते. जे घडले तेवढेच लिहावयाचे, घडावेसे वाटत होते ते नव्हे, ही त्या वहीची शिस्त. व्यापारी घरांच्या ती पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेली आहे. लहान मुलाला घरीच शिकवू पाहणाऱ्या आईवडिलांना हीच शिस्त सर्वांत उपयोगी पडते, आणि हीच सर्वांत जड जाते.

मूल शाळेत जात नाही, तेव्हा सारी जबाबदारी आपल्यावर, या धास्तीने पुष्कळदा घराचीच शाळा होते. भिंतीवर तक्ते लागतात, वेळापत्रक ठरते. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात हे कानावर आले की शिकविण्याचा वेग वाढतो. आजी काळजीने विचारते, "याला अजून लिहिता कसं येत नाही?" या घाईत मूल स्वतः काय करीत आहे, हे पाहावयाचेच राहून जाते.

शिकविण्यापूर्वी पाहावे, हा विचार आपल्याकडे रुजविणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते डॉ. मारिया माँटेसरी यांच्या लेखनाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे हेच काम खेड्यातील मुलांपर्यंत नेले. बालशिक्षणाच्या एवढ्या मोठ्या चळवळीमागे एका बापाची आपल्या मुलाविषयीची चिंता होती, हे घरी शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

माँटेसरी या व्यवसायाने वैद्य. त्यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत उघडले. तेथे एक चिमुकली मुलगी लाकडी दट्ट्या खाचांत बसविण्यात गढून गेली होती. भोवती मुलांचा गलका चालू असतानाही तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि मग समाधानाने थांबली. आपल्या घरातही मूल डब्यांची झाकणे तासभर लावीत-काढीत बसते. "पुरे आता, इकडे ये, अक्षरं काढू," असे म्हणून आपण त्याला उठवितो, तेव्हा चालू असलेला अभ्यास आपणच मोडलेला असतो.

स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांची तान्हेपणापासून निरीक्षणे लिहून ठेवली. मुलांच्या चुकीच्या उत्तरांकडे त्यांचे विशेष लक्ष असे, कारण त्या चुकांमागे मुलांचा स्वतःचा विचार असतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा एक प्रयोग कोणत्याही घरात करता येतो. आठ-आठ नाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्यात. चार-पाच वर्षांचे मूल "सारखी" म्हणते. मग त्याच्या देखतच एक ओळ पसरून लांब करावी. आता ते बहुधा लांब ओळीत "जास्त" सांगते. भावाच्या उंच पेल्यातले दूध आपल्या पसरट वाटीतल्या दुधाहून जास्त आहे, म्हणून रुसणारे मूलही याच टप्प्यावर असते. तेथे रागावून उपयोग नाही. "तुला असं का वाटलं?" एवढे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत टिपावे.

भाषेचेही तसेच आहे. "मी करलं" असे मूल म्हणते. घरात कोणी मोठे माणूस असे बोलत नाही, मग हे आले कोठून? भरलं, धरलं, सरलं या शब्दांवरून त्याने नियम शोधला आणि तो 'करणे' या क्रियापदाला लावला. व्याकरणाचा पाठ त्याने न शिकविता घेतला आहे. "हो, तू केलंस का?" असे सहज म्हणावे, बरोबर रूप कानावर पडत राहिले की ते आपोआप रुळते.

निरीक्षणाची वही अगदी साधी असावी. तारीख, मुलाचे वय, त्याने काय केले, काय म्हटले, किती वेळ रमले, एवढ्या नोंदी पुरेत. 'हुशार', 'आळशी', 'हट्टी' हे शब्द तीत नसावेत. ते आपले मत असते, व्यवहार नव्हे. महिनाअखेरीस त्याच नोंदींची खतावणी करावी: बोलणे, मोजणे, हातांचे काम, इतर मुलांची संगत. एखादे खाते रिकामे दिसले की कमतरता कळते. घरी शिकणाऱ्या मुलाचे संगतीचे खाते तर आवर्जून तपासावे. हाक मारूनही मूल वळत नसेल किंवा येत असलेले शब्द गमावीत असेल, तर वही घेऊन वेळीच बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

पुढील वाटेचा विचारही हवा. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्या वयाआधी कुटुंबाने आपला निर्णय नीट पारखून घ्यावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. परंतु तेथवर जाणाऱ्या मुलाचा पाया याच कोवळ्या वर्षांत घातला जातो.

वहीचे खरे मोल वर्ष-दीड वर्षाने कळते. नाण्यांच्या त्याच दोन ओळी पुन्हा मांडल्या जातात, एक पसरली जाते, आणि मूल हसून म्हणते, "नुसती लांब केलीस. आहेत तेवढीच!" कोणी शिकविले, असे आजी विचारते. जुने पान उघडून तिला दाखवावे.